पाचशे-पाचशे पानं: तासगाव-साताऱ्याच्या एका लग्नाचं प्रकरण

मुलगी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदार घरातली. मुलगा साताऱ्याचा, मूळ गाव कोरेगाव तालुक्यात, नोकरी पुण्यात. २०२४ च्या डिसेंबरात सुपारी फुटली आणि २०२५ च्या मे महिन्यात, दुसऱ्या पंधरवड्यात, साताऱ्याजवळच्या एका लॉनवर लग्न लागलं. मी लग्नकार्यांचं नियोजन पाहते. मला या घरांनी फेब्रुवारीत बोलावलं, तेव्हा तारीख धरून झाली होती, लॉनचा ॲडव्हान्स भरून झाला होता आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी जपून बोलायला लागली होती. दोन्ही घरांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरं दोन्ही चांगली. हुंडा कुणी मागितला नव्हता, कुणी देऊ केला नव्हता. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. तरी फेब्रुवारीत वातावरण तापलं, कारण लग्नाला किती माणसं येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लग्नातला जवळपास प्रत्येक खर्च, प्रत्येक वेळ आणि बहुतेक रुसवे या एका आकड्याला बांधलेले असतात. आपल्याकडे हाच आकडा सगळ्यात शेवटी कळतो, कधी कधी तर पंगत बसल्यावर.

यादीत काय लिहिलं होतं

सुपारीच्या दिवशी याद झाली, म्हणजे लग्नाचं काय काय ठरलं ते मांडलं गेलं. मुलाच्या थोरल्या काकांनी वहीच्या पानावर लिहिलं: लग्न साताऱ्यात, खर्च निम्मा-निम्मा, दोन्हीकडून पाचशे-पाचशे पानं (म्हणजे जेवणारी माणसं), मुलाकडून मुलीच्या अंगावर पाच तोळे, मानपान फक्त सख्ख्यांना. दोन्ही बाजूंच्या चार-चार जाणत्यांनी मान डोलावली, पेढे वाटले, गाड्या निघाल्या. मी ते पान पाहिलं. आमच्या भागात याद होते, पण बऱ्याचदा तोंडीच होते. इथे निदान कागद तरी होता, आणि पुढे तो फार उपयोगी पडला.

त्या पानात दोन खड्डे होते. पाचशे हा आकडा कुणीही नावं मोजून काढला नव्हता. बोलायला बरा वाटतो म्हणून तो आला होता. आणि सोनं वजनात लिहिलं होतं, रुपयांत नाही. शिवाय लिहायची राहिलेली एक गोष्ट होती: मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा?

लॉन त्याच आठवड्यात धरलं गेलं. घाईला कारण होतं. २०२५ मध्ये जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून गुरूचा अस्त होता आणि जुलैच्या सुरुवातीला आषाढी एकादशीपासून चातुर्मास. म्हणजे उन्हाळ्यातली सगळी लग्नं एप्रिल-मे आणि जूनच्या सुरुवातीला कोंबलेली. तिथ दाट असली की कार्यालय, आचारी, भटजी, बँड, एसटी सगळंच एका दिवशी दहा जणांना हवं असतं. त्यामुळे जागा लवकर धरली यात चूक काही नव्हती. चूक झाली ती जागा बघताना. काकांनी हिरवळ बघितली, स्टेज बघितलं, पार्किंग बघितलं. जेवणाच्या शेडमध्ये एका वेळी किती पानं बसतात हे विचारलं नाही. ती बसत होती अडीचशे.

पावती मी नंतर वाचली. भाड्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा, जनरेटरचं डिझेल वेगळं, बाहेरचा केटरर आणला तर त्याचे पैसे वेगळे, तारीख बदलली तर ॲडव्हान्स परत नाही. यातलं काही गैर नाही, बहुतेक ठिकाणी असंच असतं. पण निम्मा-निम्मा खर्च ठरलेला असताना मुलीकडच्यांना फक्त भाड्याचा आकडा सांगितला गेला होता. वरची रक्कम कळल्यावर मुलीच्या धाकट्या काकांना वाटलं की आपल्याला अंधारात ठेवलं. ठेवलं कुणीच नव्हतं, पावती कुणी वाचलीच नव्हती. तिचा फोटो काढून दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला असता तर हा एक महिन्याचा अबोला झालाच नसता.

मोजणी

मी गेल्यावर पहिलं काम सांगितलं: पत्रिका छापायच्या थांबवा आणि नावं लिहा. घर नव्हे, माणसं. मुलीच्या घरी तीन भाऊ एकत्र राहतात. त्या रात्री सोप्यात बसून एका वहीत भावकी, गाव, पाहुणे, बाजारातले आणि सोसायटीतले, मुलीच्या कॉलेजच्या मैत्रिणी असे कप्पे केले.

इथे गावाकडची एक रीत सांगायला हवी, कारण शहरातले नियोजन करणारे हमखास इथेच फसतात. आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक, म्हणजे घरातून एका माणसाने यायचं. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटणार नाही, लहानथोर सगळे जेवायला. भावकीला चूलबंद सांगायची पद्धत. पत्रिका दोन्ही घरांत एकच जाते, पण एकीकडून एक माणूस येतो आणि दुसरीकडून पाच. पत्रिकेवरून पानं मोजणाऱ्याचा हिशेब म्हणून कधीच जुळत नाही.

मुलीकडचा आकडा असा निघाला: भावकीची साठ घरं चूलबंद, म्हणजे तीनशे. गावातली बाकी दोनशे वीस घरं, घरटी एक. पाहुण्यांची एकशे दहा घरं, सरासरी तिघे धरून तीनशे तीस. इतर नव्वद. एकूण ९४०. मुलाकडे भावकी दोनशे, पाहुणे तीनशे साठ, सातारा शहरातले ओळखीपाळखीचे अडीचशे, पुण्याचे मित्र आणि ऑफिसमधले साठ. एकूण ८७०. बेरीज १८१०. आणि यादीत लिहिलं होतं एक हजार.

गंमत नव्हती ही. केटररने ताटाला २३० रुपये सांगितले होते. १८१० ताटांचे चार लाखांच्या वर जातात, आणि दोन्ही घरांनी डोक्यात अडीच धरले होते. पण मला पैशापेक्षा जास्त काळजी पंगतीची वाटत होती. अडीचशेच्या हिशेबाने आठ पंगती. एक पंगत बसणं, वाढणं, उठणं, टेबलं पुसणं मिळून पाऊण तास तरी धरावा लागतो. म्हणजे सहा तास. सकाळी अकराला पहिली पंगत बसवली तरी शेवटच्या माणसाच्या ताटात भात पडेपर्यंत पाच वाजणार, आणि हे मे महिन्यात, साताऱ्यात, सव्वाशे किलोमीटरवरून आलेल्या वऱ्हाडाच्या बाबतीत. शेवटच्या दोन पंगतींना बहुतेक वेळा घरचीच माणसं असतात. नवरीची आई, आत्या, करवल्या, राबणारी पोरं. त्यांच्या वाट्याला गार मसालेभात आणि संपलेली जिलेबी येते. मी हे इतक्या लग्नांत पाहिलं आहे की मला ते आता सहन होत नाही.

हे सगळं मांडल्यावर सोप्यात शांतता. मुलीचे वडील म्हणाले, "ताई, आकडा खरा हाय. पण गावाला नको म्हणायचं तोंड न्हाई मला. आजवर सगळ्यांच्यात जेवून आलोय."

त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत होतं. गावातलं जेवण हा नुसता खर्च नसतो, ती फेड असते. तुमच्या घरच्या मयताला जो माणूस खांदा द्यायला आला, त्याला तुम्ही यादीतून खोडू शकत नाही. म्हणून माणसं कापा असा सल्ला मी कधी देत नाही. विचारते एवढंच, की या माणसाचा मान साताऱ्याच्या लॉनवरच व्हायला हवा का?

वाट काढून दिली ती आजींनी. ऐंशी ओलांडलेली बाई, इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, "नाना पाटलाच्या माणसांनी माझ्या थोरल्या चुलत्याचं लगीन लावलं तवा पान-सुपारीवर भागवलं. गाव गावात जेवलं नंतर, आपापल्या सवडीनं. त्यांचा संसार काय मोडला न्हाई." क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात, म्हणजे तेव्हाच्या अखंड साताऱ्यात, आमचा तासगाव तालुकाही त्यातच होता, कमी खर्चाची गांधी लग्नं लावली. आमच्या भागात अजून ती आठवण सांगणारी घरं आहेत. त्याही आधी महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि बडेजावाशिवाय लग्न लावायची रीत घालून दिली. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, याच सातारा जिल्ह्यातलं. साधं लग्न ही काही बाहेरून आलेली टूम नाही. पण त्या रात्री माझ्या कुठल्याही आकडेमोडीपेक्षा आजींचं बोलणं जास्त लागू पडलं, कारण ते घरातून आलं होतं.

ठरलं असं. हळदीच्या दिवशी दुपारी गावातच चूलबंद जेवण. गावच्याच आचाऱ्याकडून, पंगतीने, देवळापुढच्या पटांगणात. साताऱ्याला भावकीतून घरटी दोन, गावातून ज्यांना यायचंच आहे असे पन्नास, पाहुणे सगळे, इतर साठ. मुलीकडून ५६०. हीच वही घेऊन मी साताऱ्याला गेले. तिथे मुलाच्या आत्याने पुढाकार घेतला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोरेगावकडच्या गावी सत्यनारायण होताच, भावकीतल्या बऱ्याच जणांचं जेवण तिथे हलवलं. शहरातल्या ओळखीच्यांत अडीचशेचे शंभर केले, आणि हे काम फार अवघड गेलं, कारण प्रत्येक नावामागे कुणाचा तरी शब्द होता. मुलाकडून ६००. एकूण ११६०, पाच पंगती.

पैसे किती वाचले? फार नाही. गावातल्या जेवणाला पन्नास हजारांच्या आत खर्च आला, सत्यनारायणाचं ताट वाढलं. एसटीच्या चार गाड्यांऐवजी दोनच कराव्या लागल्या, तेवढा प्रासंगिक कराराचा, म्हणजे गाड्या भाड्याने ठरवायचा, खर्च कमी झाला. लाखभर वाचले असतील. पण प्रत्येक माणूस बसून, गरम, वेळेवर जेवेल याची खात्री झाली, आणि मुलीच्या वडिलांची मान गावात ताठ राहिली.

त्याच बैठकीत मी दुसरी गोष्ट मागून घेतली. लग्न होईपर्यंत पानांची वही मुलीकडून मुलीच्या मामांकडे आणि मुलाकडून आत्यांकडे राहील. नवं नाव घालायचं तर त्यांना विचारून, आणि त्यांचा शब्द शेवटचा. आई-वडिलांकडे हे काम देऊ नये. त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि म्हणावंही लागू नये.

बेदाणा आणि सोनं

शेतकऱ्याच्या घरातल्या लग्नाचं अंदाजपत्रक बागेच्या वेळापत्रकावर बसवावं लागतं. हे कुठल्याही तयार तक्त्यात नसतं. द्राक्षाचा माल जानेवारी ते एप्रिल निघतो. या घराने त्या साली बराच माल बेदाण्याला घातला होता. बेदाणा तयार झाला, कोल्ड स्टोरेजमध्ये गेला, आणि दर आणखी चढेल म्हणून वडिलांनी विकायचा नाही असं ठरवलं. बरोबरच होतं ते. पण एप्रिलमध्ये खरड छाटणी येते. छाटणीची मजुरी, खत, औषधं, सगळं रोख. आणि त्याच महिन्यात बस्ता, दागिने, केटररचा दुसरा हप्ता.

वडिलांनी गावातल्या एकाकडून शेकडा तीनने पैसे उचलायची बोलणी केली होती. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. लग्नासाठी काढलेलं असं कर्ज मुलगी दोन वेळा माहेरपणाला येऊन गेली तरी फिटत नाही. घरात लाखोंचा माल पडून असताना याची गरजच नव्हती. कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर बँका तारण कर्ज देतात, आणि कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतही बेदाणा येतो. मुलीच्या मामांना तासगावच्या बाजारातली माहिती होती. त्यांनी बँकेतून मालावर कर्ज काढून दिलं. बेदाणा पुढे मनासारख्या दराने विकला तेव्हा ते फिटलं. गरज कोणत्या महिन्यात पडणार आहे हे फेब्रुवारीत कागदावर दिसलं म्हणून हे जमलं. एप्रिलमध्ये दिसलं असतं तर सावकाराशिवाय दार नव्हतं.

सोन्याचं प्रकरण मुलाकडचं. डिसेंबरात याद झाली तेव्हा चोवीस कॅरेटचा दर तोळ्याला अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास होता. २२ एप्रिल २०२५ ला तो जीएसटी धरून लाखाच्या पार गेला. पाच तोळ्यांवर लाखभराचा फरक, घडणावळ वेगळी. मुलाच्या वडिलांनी शब्द दिलेला, तो मोडायचा नव्हता, आणि निवृत्तीच्या पैशांना हात लावायचाही नव्हता. ते चार दिवस कुणाशी बोलले नाहीत.

विट्याकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. मुलीच्या मावशीच्या सासरी असे एक जण दक्षिणेत आहेत. त्यांनी जानेवारीतच मुलीकडे सांगितलं होतं की पाव्हण्यांना निम्मं सोनं आत्ताच घ्यायला सांगा. हा निरोप साताऱ्याला पोचलाच नाही. मुलीकडच्यांना वाटलं, आपण सोन्याचं बोललो तर मागणी केल्यासारखं दिसेल. भीती समजण्यासारखी आहे, पण अशा चांगल्या हेतूने न बोललेल्या गोष्टीच लग्नात महाग पडतात.

शेवटी मुलगीच बोलली. तिने होणाऱ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं की मला पाच तोळ्यांचा हट्ट नाही, मंगळसूत्र आणि पाटल्या करा, बाकीचं राहू द्या. मुलाच्या आईने स्वतःच्या जुन्या गोठांची मोड देऊन पाटल्या घडवल्या. मोड देताना घट किती धरली आणि नव्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, आहे का हे मी सोबत जाऊन पाहिलं. नव्या दागिन्यांना ते २०२३ च्या एप्रिलपासून बंधनकारक आहे. यादीत सोनं वजनात लिहू नये, दागिन्याचं नाव आणि रुपयांची मर्यादा लिहावी, असं मी आता प्रत्येक घराला सांगते. आणि मुलीकडून मागून घेतलेलं सोनं हा हुंडाच आहे. १९६१ च्या कायद्याने तो देणंही गुन्हा आहे आणि घेणंही. यादीला बसणाऱ्या जाणत्यांनी हे त्या बैठकीत मोठ्याने म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

गोरज की दुपार

भटजींनी दोन मुहूर्त काढले होते, दुपारचा १२:३५ चा आणि संध्याकाळचा गोरज. मुलाच्या मित्रांना गोरज हवा होता. लॉनवर दिव्यांच्या माळा, गार वारा, फोटो छान येतात. मी विरोध केला. मे महिन्यात आमच्याकडे वळीव येतो तो दुपार कलल्यावर, विजांसह, आणि त्याबरोबर वीज जाते. शिवाय गोरजावर लग्न लागलं की जेवणं दहापर्यंत, पाठवणी अकराला, आणि दोन एसटी भरून बायका-मुलं मध्यरात्री कराडच्या रस्त्याला. ही शेवटची गोष्ट ऐकून मुलाचे वडील लगेच म्हणाले, दुपारचाच धरा.

पत्रिका अजून छापल्या नव्हत्या म्हणून हे सोपं गेलं. पत्रिकेत आणखी एक बदल केला. मसुद्यात मुलीचं घरातलं लाडाचं नाव होतं. आधारवरचं नाव वर घेतलं, लाडाचं खाली. लग्नाच्या नोंदणीला पत्रिका जोडावी लागते आणि नाव जुळलं नाही की हेलपाटे सुरू होतात. निमंत्रकांची नावं किती, कुणाचं आधी, कुणाचं नंतर यावर आठ दिवस गेले. ते मी इथे लिहीत बसत नाही, प्रत्येक घराला ते माहीत आहे.

प्रवासाचा हिशेब उलटा केला. अक्षता १२:३५ ला, म्हणजे नवरी तयार होऊन साडेअकराला मांडवात हवी, म्हणजे साडेनऊपर्यंत लॉनवर. तासगावहून विटा-कराडमार्गे एरवी तीन तास लागतात. पण तेव्हा महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं चालू होती आणि कराड-मलकापूरला उड्डाणपुलाच्या कामामुळे वाहनं तुंबायची, दाट तिथीला तर फारच. म्हणून नवरी, करवल्या, मामा-मामी आणि मेकअप करणारी मुलगी आदल्या रात्रीच साताऱ्यात मुक्कामाला आणली आणि एसटी पहाटे पाचला सोडल्या.

त्यात एक गोष्ट जवळजवळ निसटली होती. उष्टी हळद. नवऱ्याला लागलेली हळद नवरीकडे जायची असते. एकाच गावात किंवा एकाच कार्यालयात हळद असली की तिचा विचारच करावा लागत नाही. इथे मध्ये सव्वाशे किलोमीटर. मुलाची हळद साताऱ्यात सकाळी, मुलीची गावात संध्याकाळी. कोण नेणार, कधी निघणार हे कुणी ठरवलं नव्हतं. मी वेळापत्रक मोठ्याने वाचत होते तेव्हा मुलीची आई एकदम म्हणाली, "आणि हळद कोण आणतंय?" मग मुलाचा मावसभाऊ आणि करवली गाडीने अकराला निघाले आणि तीनला गावात पोचले. वेळापत्रक घरातल्या बायकांसमोर वाचावं ते याचसाठी. पुरुषांच्या बैठकीत हळदीचा विषय निघतच नाही.

लग्नाचा दिवस

त्या साली मे महिन्यातच पावसाने गाठलं. मॉन्सून २६ मेला मुंबईत पोचला, इतक्या लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता, आणि त्याआधीचे दोन आठवडेही पश्चिम महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे जोरदार पाऊस होता. आम्ही दहा दिवस आधी अंदाज बघून निर्णय घेतला: विधी लॉनवरून शेडलगतच्या झाकल्या भागात, जेवणाच्या शेडपुढे पत्र्याचा जादा मांडव, आणि स्टेजच्या फुलांचा खर्च निम्म्यावर आणून त्यातून मांडवाचे पैसे. मुलाच्या मित्रांना वाईट वाटलं. नवऱ्यामुलाने त्यांना समजावलं.

एसटी कराडला कोल्हापूर नाक्यावर अडकल्या, तरी पावणेदहाला पोचल्या. पहिली पंगत अकराला बसली. अक्षतेआधीच दोन पंगती उठवायच्या असं ठरलं होतं. काही वडीलधाऱ्यांना हे रुचलं नाही, लग्न लागायच्या आधी कसं जेवायचं म्हणाले. आम्ही आग्रह केला नाही. पण शहरातले लोक, ज्यांना अजून दोन लग्नं गाठायची होती, ते आनंदाने बसले.

सत्कारांवर मात्र आमचं नियोजन कमी पडलं. मुलाचे थोरले काका एका पतसंस्थेच्या कामात आहेत, ओळखी दांडग्या. सत्कारांची यादी चाळीस नावांची. फेटा, शाल, श्रीफळ, नाव पुकारणं, फोटो, प्रत्येकी एक मिनिट धरलं तरी चाळीस मिनिटं. ठरलं होतं की सगळे सत्कार बारापर्यंत संपतील आणि सव्वाबारानंतर माईक फक्त भटजींकडे. बारा वीसला एक पुढारी आले. काकांनी माईक घेतला. त्यांच्यामागे आणखी तिघे उभे राहिले, मग आशीर्वादपर दोन शब्द. १२:३५ होऊन गेले. अंतरपाट धरलेली पोरं हात बदलत होती, नवरी मामांच्या शेजारी उभी, घामाने डबडबलेली.

पावणेएकला मुलीच्या मामांनी स्टेजवर जाऊन काकांच्या कानात काही सांगितलं, भटजींकडे बघून मान हलवली आणि मंगलाष्टकं सुरू झाली. काकांच्या यादीतली दोन नावं पुकारायची राहिली. मामांनी केलं ते योग्यच केलं, माझं स्पष्ट मत आहे. मुहूर्तासाठी माणसं बोलावलेली असतात, माणसांसाठी मुहूर्त थांबवायचा नसतो. ज्यांना सत्कार करायचा आहे त्यांनी तो आदल्या दिवशी साखरपुड्यात करावा, किंवा पाहुणा येईल तसा दारातच फेटा बांधून करावा. कित्येक घरांत आता असं होतं आणि कुणाचा अपमान होत नाही.

दोनच्या सुमाराला पाऊस आला. चौथी पंगत बसली होती. शेड आणि पत्र्याखाली कुणाच्या ताटात थेंब पडला नाही. स्टेजची उरलेली फुलं झडली, एवढंच. पण पार्किंग काळ्या मातीत होतं, आणि तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. माझंही नाही, लॉनवाल्यांचंही नाही. गाड्या रुतल्या. शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर बोलावून ओढून काढाव्या लागल्या, पाठवणीला दीड तास उशीर झाला. आता मी पावसाळी हवेत जागा बघायला गेले की मुरूम टाकला आहे का ते आधी बघते.

जेवून गेलेली ताटं १०८०. केटररशी ११०० ची हमी ठरली होती, त्या ११०० चेच पैसे दिले. मोजणी आमच्या बाजूने आत्यांचा मुलगा आणि केटररचा एक माणूस, दोघांनी मिळून ताटांच्या चवडींवरून केली आणि प्रत्येक पंगतीनंतर दोघांनी सही केली. त्यामुळे शेवटी वाद झाला नाही. शेवटच्या पंगतीत नवरीची आई जेवली, आणि जिलेबी होती.

नंतर

नोंदणीचे कागद त्याच दिवशी गोळा केले: भटजींची सही आणि ओळखपत्राची प्रत, तीन साक्षीदारांच्या सह्या, फोटो, पत्रिका. १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते, उशीर झाला तर दंड. लोक हे पुढे ढकलतात आणि पासपोर्टची वेळ आली की भटजींना शोधत फिरतात. या जोडप्याचं प्रमाणपत्र जूनमध्येच हातात आलं.

हिशेबाला दोन्ही घरं जूनच्या एका रविवारी कराडला एका पाहुण्यांकडे बसली. मधलं गाव म्हणून. सगळ्या पावत्या मामांनी एका फायलीत लावल्या होत्या. डिझेल, जीएसटी, जादा मांडव निम्मा-निम्मा. ट्रॅक्टरचे पैसे मुलाच्या वडिलांनी घेतले नाहीत, म्हणाले आमच्या गावची माती होती, आमच्याकडे. मुलीच्या धाकट्या काकांनी, ज्यांना फेब्रुवारीत फसवल्यासारखं वाटलं होतं, फाईल एकदा चाळली आणि चहा मागितला.

मुलाचे थोरले काका त्या बैठकीला आले नाहीत. राहिलेल्या दोन नावांपैकी एक त्यांच्या पतसंस्थेतल्या वरिष्ठांचं होतं. मामा स्वतः श्रावणात साताऱ्याला जाऊन त्यांना फेटा बांधून आले. बोलणं झालं, जेवणं झाली. पूर्ण मिटलं असं मात्र दोन्हीकडून कुणी म्हणत नाही.